हातावरचं गोंदण आणि फॉर्मवरचं ‘नाही’

‘अक्का, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, बहुतेक रात्रपाळीच असते. घरी आई आणि मी. आई विड्या वळते.

आमच्या मंडळाचं दर शिवजयंतीला रक्तदान शिबिर असतं. यंदा आम्ही १०१ बाटल्यांचा संकल्प केला होता, बॅनरवरही तसं छापलं होतं. मी कार्यकर्ता, त्यामुळं माझा नंबर पहिल्या दहात. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलंय का? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मी खांद्याजवळ आईचं नाव गोंदवून घेतलं होतं. पण मागं मित्र उभे होते, फोटो चालले होते. मी “नाही”वर टिक केली. शर्टाच्या बाहीखाली ते कुणाला दिसलं नाही.

रात्रपाळी करून थेट गेलो होतो. पोटात चहा आणि दोन खाऱ्या. रक्त देऊन उठलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली, पडलोच. आई तेव्हापासून म्हणते, परत तिथं पाऊल टाकायचं नाही.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. आमच्या गल्लीत सात वर्षांची एक मुलगी आहे, तिला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात. शिबिरानंतर तिचे वडील भेटले आणि माझा हात धरून म्हणाले, “तुमच्यासारख्यांमुळं आमची पोर जगतीय.” मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्यात काही असेल आणि ते तिला गेलं असेल तर? कुणाला सांगू? पोलीस केस होईल का? त्यांच्या घरी जाऊन सांगून टाकू का? आणि रक्ताच्या चाचण्या होतातच की, मग गोंदणाचं विचारतात कशाला? मी आता कधीच रक्त देऊ शकणार नाही का?’

तुझं पत्र १० मार्चला संध्याकाळी माझ्या हातात पडलं. सदर छापून येईपर्यंत थांबावं असं ते पत्र नव्हतं, म्हणून त्याच रात्री मी तुला निरोप धाडला की उद्या सकाळी आधी रक्तकेंद्राला फोन कर, बाकीचं मग बोलू. तू केलास. आता निवांत लिहिते, आणि तुझ्या परवानगीनं छापते, कारण तुझ्यासारखी टिक करून घरी गेलेले आणखी बरेच जण हे वाचणार आहेत. ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. आणि अरे-तुरे करते आहे. पत्रात अक्का म्हणालास, तो मान मी घेतला.

घाई कशासाठी केली ते आधी सांगते, कारण रक्त दिल्यावर त्याचं पुढं काय होतं हे शिबिरात कुणी सांगत नाही.

आपण अजून ‘बाटली’ म्हणतो, पण बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या येऊन कितीतरी वर्षं झाली. तुझी पिशवी केंद्रात गेल्यावर मोठ्या यंत्रात गरगरा फिरवली जाते आणि रक्ताचे थर वेगळे होतात. लाल पेशी एका पिशवीत, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पाण्याचा भाग दुसऱ्या, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी तिसऱ्या. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. लाल पेशी २ ते ६ अंशांच्या फ्रिजमध्ये, पिशवीतलं औषध कोणतं आहे त्यावर ३५ किंवा ४२ दिवस. प्लाझ्मा मात्र गोठवून उणे तीस अंशांच्या खाली ठेवला तर वर्षभर राहतो. आता तूच हिशेब कर. शिबिर १९ फेब्रुवारीचं, पत्र १० मार्चचं, मध्ये एकोणीस दिवस. प्लेटलेट तर केव्हाच वापरून झाल्या असणार, पण लाल पेशी फ्रिजमध्ये असू शकत होत्या आणि प्लाझ्मा असण्याची शक्यता त्याहून जास्त होती. एकेक दिवस मोलाचा होता. तुला वाटत होतं, जे व्हायचं ते होऊन गेलं. तसं नव्हतं.

फोनवर काय झालं ते तू कळवलंस ते मी दोनदा वाचलं. तिकडच्या मुलीनं शिबिराची तारीख विचारली, दात्याच्या कार्डावरचा नंबर विचारला, ‘थांबा हं’ म्हणाली. दोन मिनिटांनी परत आली. लाल पेशी गेल्या होत्या, प्लाझ्मा होता, तो बाजूला काढून ठेवते म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत.’ ओरडली नाही, नाव कुणाला कळवू का असं विचारलं नाही. माझी सत्तावीस वर्षं रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत गेली. असा फोन आला की आम्ही सगळे हातातलं काम टाकून पिशवी शोधायला धावायचो. फोन करणाऱ्याला आम्ही रागवलो तर उद्या दुसरा कुणी फोनच करणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक असायचं. पोलिसांची भीती तू मनातून काढून टाक. तुझ्या पिशवीचा नंबर, रजिस्टर, सगळी नोंद केंद्रात गोपनीय राहते. मंडळात ती जाण्याचं काही कारण नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. तू लिहितोस, रक्ताच्या चाचण्या होतातच की, मग गोंदणाचं विचारतात कशाला?

होतात. आपल्याकडं प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी चाचणी कायद्यानंच बंधनकारक आहे : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या दोन काविळी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. पण शरीरात विषाणू शिरला की लगेच दुसऱ्या दिवशी चाचणीत दिसत नाही. मध्ये काही आठवडे असे जातात की माणूस ठणठणीत असतो, चाचणी स्वच्छ येते आणि तरी त्याच्या रक्तातून दुसऱ्याला लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या नेहमीच्या चाचणीत हा काळ दोन-चार आठवड्यांचा असतो. हिपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी चाचणीत दोन-अडीच महिनेही जातात. तेवढ्या काळापुरतं आमचं यंत्र आंधळं असतं. त्या काळात रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट उरते, दात्यानं फॉर्मवर लिहिलेलं खरं उत्तर. म्हणून फॉर्मवरचे प्रश्न हे कागद रंगवायचं काम नाही, ती पहिली चाचणी आहे, आणि ती फक्त तूच करू शकतोस.

गोंदणासाठी थांबायचं ते १२ महिने. कान-नाक टोचलं तरी तेवढंच. जत्रेतल्या गोंदणाची मला जास्त काळजी वाटते. मी स्वतः गड्ड्यात उभी राहून बघितलं आहे. पाळण्यांच्या रांगेपलीकडं एक स्टूल, बॅटरीवर चालणारं मशिन, सुई बदलली असं म्हणतात आणि बदलतही असतील. पण शाई? हिरव्या-काळ्या शाईची एकच छोटी वाटी, सकाळपासून तिच्यातच प्रत्येकाची सुई बुडते. एकाच्या रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश त्या वाटीत गेला की सुई कितीही नवी असली तरी काय उपयोग? हिपॅटायटिस बीचा विषाणू तर बाहेर कोरड्या जागीही दिवसचे दिवस तग धरतो. तू आईचं नाव लिहून घेतलंस, त्यात वाईट काही नाही. पुढं कधी घेतलंस तर तुझ्यासमोर फोडलेली सुई आणि तुझ्यासाठीच वेगळी ओतलेली शाई, एवढं बघून घे.

एक गोष्ट तुला धीर देईल. तुझ्या त्या दिवशीच्या चाचण्यांत काही सापडलं असतं तर बहुधा तुला आतापर्यंत केंद्राकडून बोलावणं आलं असतं. दात्याला बोलावून, समजावून पुढं पाठवायचं असा नियमच आहे, आणि फॉर्मवर तू त्याला सहीही दिली आहेस. शिवाय गोंदवून घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण ‘बहुतेक’वर आपण निजायचं नाही. सिव्हिलला जा, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. तिथं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र आहे. एचआयव्हीची चाचणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. त्याच फेरीत हिपॅटायटिस बी आणि सीच्या चाचणीचंही विचार. २०१८ पासून केंद्र सरकारचा काविळीच्या या प्रकारांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत असतात. एक चाचणी आता कर, एक एप्रिलच्या मध्याला म्हणजे गोंदणाला तीन महिने झाल्यावर, आणि शेवटची जुलैच्या मध्याला. तीनही स्वच्छ आल्या की विषय संपला. रात्री मन फार खायला लागलं तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि हिपॅटायटिस बीची चाचणी निगेटिव्ह आली तर त्याची लस घेऊन टाक, तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कारखान्यात सुया-कातऱ्या लागत राहतात, तुला ती उपयोगी पडेल.

आणि कृपा करून एक कधीही करू नको, मित्रांनाही सांग. स्वतःची एचआयव्हीची शंका आली म्हणून ‘रक्तदान करून बघू, चाचणी फुकट होईल’ असं म्हणून शिबिरात येणारे मी पाहिले आहेत. दरवेळी पोटात गोळा यायचा. शंका आहे तोच तर आंधळा काळ असतो. चाचणीसाठी आयसीटीसी आहे, शिबिर नाही.

आता गल्लीतल्या त्या मुलीचं.

तू त्यांच्या घरी जाऊन सांगू नकोस. हे मी तुझी बाजू सांभाळायला म्हणत नाही. तुझी पिशवी तिला गेली की नाही हे तुला माहीत नाही, मला नाही आणि तिच्या वडिलांनाही नाही. केंद्राकडं नोंद आहे, कोणती पिशवी कुठल्या रुग्णाला गेली याची. तुझ्या एखाद्या चाचणीत काही निघालं तर तू केंद्राला कळवायचंस, ते त्या रुग्णाच्या डॉक्टरांना कळवतील, रुग्णाची तपासणी होईल, लागलं तर औषध सुरू होईल. ही साखळी त्यासाठीच बांधलेली आहे. तू मधूनच उडी मारून त्या बापाच्या हातात नुसती भीती दिलीस तर तो काय करेल? पुढच्या वेळी पोरीला रक्त चढवायला नेताना त्याचे पाय अडखळतील, आणि ते मात्र तिच्या जिवावर बेतेल. अशा मुलांच्या या तपासण्या ठरावीक काळानं होतच असतात.

पण त्या मुलीकडं बघून तुला जे कळलं ते सोडू नकोस. मी एक साधा हिशेब मांडते. तीन आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला सतरा वेळा. वयाच्या पहिल्या वर्षापासून धरलं तर सात वर्षांची होईपर्यंत शंभरावर पिशव्या. शंभर अनोळखी माणसं तिच्या अंगात आहेत. त्यांतल्या प्रत्येकानं एका कागदावर खरं लिहिलं म्हणून ती शाळेत जाते. अपघाताच्या माणसाला आयुष्यात एकदा दोन पिशव्या लागतात, या पोरांना आयुष्यभर. म्हणून फॉर्मवरचं एक खोटं उत्तर सगळ्यांत जास्त त्यांच्याच वाट्याला येण्याचा संभव. पत्रात तू ‘छोटीशी टिक’ लिहिलं होतंस आणि मग तो शब्द खोडला होतास. मला ते खोडलेलं दिसलं.

आता तू पडलास कसा ते बोलू, कारण त्यात रक्त देण्याचा दोष नाही.

रात्रपाळी करून, झोप न घेता, चहा-खारीवर रक्त द्यायचंच नसतं. डॉक्टरांनी विचारलं असेल, ‘झोप झाली का? जेवलात का?’ तिथंही तू मान डोलावली असशील. तशा दिवशी रक्त घेऊ नये असा नियम आहे, उपवासाच्या दिवशीही नाही. आदल्या चार तासांत नीट जेवण झालेलं हवं, आणि आपल्या सोलापूरच्या हवेत तर दोन-तीन तांबे पाणीही. दिल्यावर पंधरा मिनिटं तिथंच बसायचं, सरबत प्यायचं, झटक्यात उठायचं नाही. चक्कर येतेय असं वाटलं की खुर्चीत बसून राहू नये, सरळ आडवं व्हावं आणि पाय उशीवर चढवावेत, लाजायचं काही नाही. त्या हातानं दिवसभर जड उचलायचं नाही. आणि तुझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं : रक्त दिल्यावर चोवीस तास यंत्रमागावर जायचं नाही. चालत्या मागाशेजारी अंधारी आली तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. यंत्रावर काम करणारे, लांबचे ड्रायव्हर, उंचावर चढणारे, यांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच रक्त द्यावं. तुमच्या भागात निम्मी गल्ली रात्रपाळीची. मग शिबिर सकाळी आठला कशाला? साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सभागृहात ठेवा.

आईला माझा नमस्कार सांग आणि एवढं सांग. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात साडेचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं साडेतीनशे मिली घेतात. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना महिना-दोन महिने लागतात, म्हणून पुरुषांना दोनदा देण्यात ९० दिवसांचं आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. लोह भरून यायला जरा जास्त वेळ लागतो. भाकरीबरोबर पालेभाजी, वर लिंबू, शेंगदाण्याची चटणी, गूळ, हे तुमच्या ताटात असतंच. फक्त जेवल्या जेवल्या चहा घेत असाल तर तो तासभर पुढं ढकला, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पोरगा पडला तो उपाशी आणि जागरणानं पडला. अशक्त झाला नाही.

आणि आईनं स्वतः कधी हिमोग्लोबिन तपासलंय का, ते विचार. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात, आठवतं? तो मोरचुदाचा विद्राव असतो. पाण्याचं वजन इतकं नेमकं ठरवलेलं असतं की साडेबारा किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिनचा थेंब सरळ तळाला जातो, कमी असेल तर मध्येच अडतो किंवा वर तरंगतो. विडी वळणाऱ्या बायकांचे थेंब तरंगताना मी किती बघितले असतील! त्या लाजून पदर सावरत उठायच्या, ‘आमचं रक्त चालत नाही’ म्हणायच्या. कुणी त्यांना सांगायचं नाही की बाई, रक्त चालत नाही असं नाही, तुम्हालाच रक्त कमी आहे, औषध घ्या. परत पाठवलेल्या माणसाला का पाठवलं आणि पुढं काय करायचं हे समजावून सांगणं शिबिरातल्या माणसांचं काम आहे. ते झालं नाही तर तुम्ही मंडळवाल्यांनी विचारा. आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, लोहाच्या गोळ्या तिथं मिळतात.

मंडळाबद्दल मला बोलायचं आहे, आणि हे जरा रागानं बोलते.

१०१ चा आकडा बॅनरवर आधी छापला की शिबिर सुरू होण्याआधीच ‘मला रक्त देता येणार नाही’ म्हणणं प्रत्येकाला जड होतं. अठ्ठ्याण्णववर अडकलेल्या मंडळाचा कार्यकर्ता ‘मला दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता’ असं कसं सांगणार? डेंग्यू बरा झाल्यावर सहा महिने थांबायचं, मलेरियानंतर तीन महिने, दाढ काढली असेल तर सहा महिने, कुत्रा चावून इंजेक्शनं घेतली असतील तर वर्ष. कावीळ कोणती होती ते सांगायचं. ए किंवा ई असेल तर बरं झाल्यावर वर्षभरानं चालतं, बी किंवा सी असेल तर कधीच नाही. अँटिबायोटिकचा कोर्स संपून दोन आठवडे व्हायला हवेत. बाळंतपणानंतर वर्षभर नाही, अंगावर पाजते तोवर नाही. वजन ४५ किलोच्या आत तर मुळीच नाही. हे सगळं प्रत्येकानं मोकळेपणानं सांगायचं तर फॉर्म भरायचं टेबल कॅमेऱ्यापासून आणि ढोल-ताशापासून लांब हवं. तुझ्या मागं चार मित्र उभे नसते तर तू खरं लिहिलं असतंस, याबद्दल मला शंका नाही. एक पडदा लावा. एका वेळी एकच माणूस आत. डॉक्टर हळू आवाजात विचारतील. आणि कुणी परत आला तर ‘का रे?’ असं विचारायचं नाही, सरबत द्यायचं आणि फोटोतही घ्यायचं, इतकं ठरवा.

भेटवस्तूंचंही तेच. हेल्मेट, बॅग, मिक्सरची सोडत. मी नोकरीला लागले तेव्हा रक्तपेढीच्या फाटकाबाहेर माणसं बसलेली असायची, पैसे घेऊन रक्त देणारी. दर आठवड्याला नाव बदलून यायची. त्यांच्या थेंबाचं काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे, आणि आजार विचारला की सगळ्यांचं उत्तर एकच, ‘काही नाही बाई’. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. पैसे मिळणार असले की माणूस आजार लपवतो, एवढंच त्यामागचं कारण होतं. हेल्मेटासाठीही माणूस लपवतो. कप बक्षीस द्या, प्रमाणपत्र द्या, पोहे द्या. किमतीची वस्तू नको.

आणखी एक. एकाच दिवशी १०१ पिशव्या, आणि एकाच आठवड्यात गावभर अशी शिबिरं. प्लेटलेट पाच दिवसांत संपणार, लाल पेशी सहा आठवड्यांत. मग एप्रिल-मे येतो, कॉलेजं बंद, परीक्षा, लग्नं, पारा चाळिसाच्या वर, शिबिरं थांबतात. ऑपरेशनं मात्र थांबत नाहीत आणि त्या मुलीचे तीन आठवडेही. दर उन्हाळ्यात आमच्या फ्रिजचे कप्पे रिकामे पडायचे आणि नातेवाईक काचेपलीकडं हात जोडून उभे राहायचे. ते दृश्य मला अजून दिसतं. तुमच्या मंडळानं १०१ जण चार तुकड्यांत वाटले तर? पंचवीस शिवजयंतीला, पंचवीस मेमध्ये पहाटे गारव्याला, पंचवीस गणपतीनंतर, पंचवीस दिवाळीनंतर. मेमधल्या पंचवीस पिशव्यांना जे मोल आहे ते फेब्रुवारीतल्या शंभरांना नाही. बॅनरवर ते भरगच्च दिसणार नाही. मंडळाच्या बैठकीत तू हे मांड. फॉर्मवरच्या स्वतःच्या खोट्या उत्तराबद्दल तिथं बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, तशी सक्ती कुणाचीच नाही. पडद्याचं मात्र नक्की बोल.

एक बारीक माहिती देऊन ठेवते, गल्लीत लागेल. रक्त विकत मिळत नाही. केंद्रात घेतात तो तपासणीचा आणि साठवणीचा खर्च, आणि तो सरकारनं ठरवून दिलेला असतो. थॅलेसेमियाच्या मुलांना तोही लागत नाही. ‘आधी बदली रक्तदाता आणा, मगच पिशवी देऊ’ अशी अट घालता येत नाही. ई-रक्तकोष नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कुठल्या केंद्रात कोणत्या गटाचं किती रक्त आहे ते दिसतं. मध्यरात्री चार दवाखान्यांत पळण्याआधी ते बघा.

तू शेवटी विचारलंस, ‘मी आता कधीच रक्त देऊ शकणार नाही का?’ असं कोण म्हणालं? जुलैची चाचणी स्वच्छ आली तर पुढच्या गड्ड्याला तुझ्या गोंदणाचं वर्ष भरतं. त्यानंतरच्या शिवजयंतीला सव्वा महिना वर झालेला असेल. आदल्या रात्री पाळी लावून घेऊ नको, घरून जेवून जा, बाही आधीच वर कर आणि डॉक्टरांना खांदा दाखवून तारीख सांग.

पहिल्या चाचणीला या आठवड्यातच जा. आयसीटीसीत सकाळी लवकर गेलास तर गर्दी कमी असते. एकटं जायला जड वाटलं तर मला फोन कर, मी येते बरोबर. सिव्हिलच्या फाटकापाशी थांबते.

तुझी अक्का